फाटलेला कान दुरुस्त करू नका

हत्ती, गवा, वाघ, गेंडा यांच्या फोटोंबद्दल तेच ते प्रश्न पुन्हा येत आहेत. म्हणून काहींची उत्तरं एकत्र देतो.

प्रश्न : हत्ती जवळ असला की फ्रेममध्ये मावत नाही. पाय कापले गेले तर फोटो वाया गेला का?

नाही. मात्र पावलांच्या जरासं वर कापलेला हत्ती चुकून कापल्यासारखा दिसतो. मावत नसेल तर धीटपणे डोळा, सोंडेचं मूळ आणि सुळा एवढंच घ्या. डोळ्याभोवतीच्या सुरकुत्या आणि लांब पापण्यांवर बसलेली धूळ नीट टिपलीत, तर त्याचा आकार आपोआप जाणवतो. सोंड कॅमेऱ्याच्या दिशेला असेल तर एफ/४ वर, म्हणजे लेन्सचं छिद्र मोठं असताना, डोळा स्पष्ट येईल पण सोंडेचं टोक धूसर होईल. छिद्र लहान करून, एफ/८ किंवा एफ/११ वर पाहा. आणि दूरचा, फ्रेममध्ये लहान दिसणारा हत्ती डिलीट करण्याची घाई करू नका. शेजारी झाड असलं की त्याची उंची तिथेच कळते.

प्रश्न : रॉ की जेपेग?

रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेला तपशील जशाचा तसा ठेवणारी फाइल. १४ बिटच्या रॉ फाइलमध्ये प्रत्येक रंगाच्या १६,३८४ पातळ्या मावतात, जेपेगमध्ये २५६. म्हणून नंतर उजेड आणि रंग सुधारायला रॉमध्ये जास्त वाव असतो.

प्रश्न : काळाभोर गवा फोटोत करडा का येतो?

कॅमेऱ्याचा उजेड मोजणारा मीटर समोरचं सगळं मध्यम करडं मानून चालतो, म्हणून काळा गवाही उजळून करडा करतो. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो उजळ किंवा गडद करण्याची सोय) उणे १ पासून सुरू करा आणि हिस्टोग्राम, म्हणजे उजेडाचा आलेख, बघा.

प्रश्न : किती क्रॉप चालतो?

लांबी आणि रुंदी दोन्ही निम्मी केलीत की पाव पिक्सेल उरतात, म्हणजे २४ मेगापिक्सेलचे ६. मोबाइलवर ते पुरतात. मोठी प्रिंट काढायची असेल तर आधी प्रिंट करणाऱ्याला फाइल दाखवा.

प्रश्न : माझ्या फोटोतल्या हत्तीचा कान खालून फाटलेला होता. एआयने तो भरून घेतला आणि हत्ती उजवीकडे बघावा म्हणून फोटो आरशासारखा उलटा केला. मित्र म्हणतात, एवढं चालतं. खरंच चालतं का?

चालत नाही. हे मला शांतपणे सांगता येत नाही, कारण दर महिन्याला कुणीतरी हेच करून फोटो पाठवतं.

कानाची ती चीर म्हणजे त्या हत्तीची ओळख आहे. अभ्यासक हत्ती ओळखतात ते कानाच्या कडेवरच्या चिरा, भोकं, सुळ्यांचा आकार आणि शेपटीचे केस पाहून. तुम्ही चीर भरलीत तेव्हा तो हत्ती फोटोतून गेला आणि कुठेच नसलेला एक हत्ती आला. उलटवण्याचंही तसंच. डाव्या कानाची खूण उजव्या कानावर गेली. वाघाच्या बाबतीत तर घोटाळा आणखी वाढतो. प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे असतात आणि एकाच वाघाच्या दोन कुशींवरचे पट्टेही सारखे नसतात. उलटवलेला फोटो नोंदींशी ताडून पाहणाऱ्याला भलताच वाघ सापडतो, किंवा सापडतच नाही.

‘पूर्वीपासून चालत आलंय’ ही सबबही नको. फेब्रुवारी १९८२ च्या नॅशनल जिऑग्राफिकच्या मुखपृष्ठासाठी आडवा फोटो उभ्या चौकटीत बसवताना गिझाचे पिरॅमिड संगणकावर जवळ सरकवले होते. त्यावर इतकी टीका झाली की तो प्रसंग आजही दाखला म्हणून दिला जातो.

उजेड, कॉन्ट्रास्ट, रंगाचा तोल सुधारा, कॅमेऱ्याच्या सेन्सरवरच्या धुळीचा ठिपका काढा. प्राण्याच्या अंगाला मात्र हात लावू नका. नॉइज (कमी उजेडात फोटोत येणारे दाणे) काढणारी साधनंही जपून वापरा. गेंड्याच्या कातडीवरचे उंचवटे गुळगुळीत करून ती रबरासारखी करतात, हे मी अनेकदा पाहिलंय. शंभर टक्के झूम करून मूळ फाइलशेजारी ठेवून तपासा, आणि शंका आली तर तो प्राणी रोज पाहणाऱ्या माणसाला दाखवा.

प्रश्न : ‘एका क्लिकमध्ये जंगल जिवंत’ असं प्रीसेटचं (तयार एडिटिंग सेटिंगचं) पॅकेज घ्यावं का?

नको. सकाळच्या धुक्यातला गवा आणि दुपारच्या उन्हातला हत्ती यांना एकच नारिंगी मुलामा देऊन विकणं हा निव्वळ धंदा आहे. त्यापेक्षा स्वतःचे दहा फोटो स्वतः एडिट करा आणि जाणकाराकडून तपासून घ्या.

प्रश्न : वाइड लेन्सने जवळून घेतलेला फोटो जास्त परिणाम करतो. हत्तीने कान पसरले तरी तो नुसती हूल देतो, असं ऐकलंय.

ऐकीव माहितीवर जीव पणाला लावू नका. कान पसरून, डोकं उंच करून तो तुमच्याकडे तोंड करून थांबला, म्हणजे तुम्ही आधीच फार जवळ गेला आहात. हूल की खरा हल्ला, हे बाहेरून आलेल्या माणसाला त्या क्षणी कळत नाही. गाइड ‘मागे’ म्हणाला की लगेच मागे या. किती अंतर ठेवायचं हे गाइडशी बोलून ठरवायचं ते निघण्याआधी.

प्रश्न : स्पर्धेची मुदत उद्या आहे, रॉ फाइल डिलीट झाली. जेपेग पाठवू का?

आयोजकांना आजच लेखी विचारा. मोठ्या स्पर्धा निवडलेल्या फोटोंच्या मूळ फाइल मागतात, आणि त्याला कारण आहे. वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर या वन्यजीव फोटोंच्या स्पर्धेत २००९ चा लांडग्याचा विजेता फोटो, तो लांडगा बहुधा पाळीव होता म्हणून, जानेवारी २०१० मध्ये बाद झाला. २०१७ चा मुंगीखाऊचा फोटो पेंढा भरलेल्या प्राण्याचा असल्याचा निष्कर्ष निघाला आणि २०१८ मध्ये तोही बाद झाला. कार्डावरच्या फाइल परत मिळण्याची शक्यता असते, पण त्या कार्डावर आता एकही नवा फोटो काढू नका. डेटा रिकव्हरी करणाऱ्याला गाठा. हा प्रश्न महिन्यापूर्वी आला असता तर जास्त वाव होता.

प्रश्न : गेंड्याचा फोटो टाकताना ठिकाण लिहावं का?

नाही. फाइलमधली जीपीएस नोंद, म्हणजे फोटो कुठे काढला त्याची नोंद, तीही काढा. शिंगासाठी गेंडे मारणारेही फोटो बघतात.