‘एअर कंट्रोल’ला ‘हवाई नियंत्रण’ म्हणावे का?

विचारणा अशी आहे: १९२० च्या दशकातल्या, ब्रिटिशांच्या ताब्यातल्या इराकवरील मजकुराचा अनुवाद करताना ‘एअर कंट्रोल’ला (म्हणजे विमानांच्या जोरावर मुलूख ताब्यात ठेवण्याच्या ब्रिटिश पद्धतीला) ‘हवाई नियंत्रण’ आणि ‘पोलिटिकल ऑफिसर’ला ‘राजकीय अधिकारी’ म्हटले तर चालेल का? माझ्या मते दोन्ही टाळावेत.

‘हवाई नियंत्रण’ म्हटले की वाचकाला विमानतळावरचा मनोरा आठवतो. ‘हवाई गस्त’ही जमत नाही, कारण गस्त घालणारा नजर ठेवतो आणि इथे विमान शिक्षा करत होते. मार्च १९२१ च्या कैरो परिषदेत वसाहतमंत्री चर्चिल यांनी खर्चकपातीसाठी ही योजना उचलून धरली. १ ऑक्टोबर १९२२ पासून इराकमधल्या ब्रिटिश फौजांची सूत्रे हवाई दलाच्या जॉन सॅमंड यांच्याकडे गेली. त्यांच्या हाताशी आठ स्क्वाड्रन, म्हणजे विमानांच्या तुकड्या, होत्या. पायदळ कमी करून विमानांच्या धाकावर मुलूख ताब्यात ठेवायचा, असा हा प्रकार. ‘मोगली अंमल’, ‘इंग्रजी अंमल’ आपण म्हणतोच, तसा ‘हवाई अंमल’ म्हणावा. त्यात सत्ता येते आणि अंमलबजावणीही.

‘राजकीय’ने घोटाळा जास्त होतो. आज त्या शब्दाला पक्षाचा वास येतो. ब्रिटिश हिंदुस्थानात ‘पोलिटिकल’ म्हणजे संस्थानिक आणि टोळ्यांशी संबंध सांभाळणारे खाते. कोल्हापूरच्या इतिहासात ‘पोलिटिकल एजंट’ तसाच ठेवतात, मग वझिरिस्तानातल्या (आजच्या पाकिस्तानातल्या, अफगाण सीमेलगतच्या टोळ्यांच्या मुलखातल्या) मीरानशाह आणि वाना इथला एजंट वेगळा का करायचा? ‘पोलिटिकल ऑफिसर’ही तसाच ठेवावा. येमेनच्या किनाऱ्यावरच्या एडनसाठीही ‘रेसिडेंट’ (तिथला ब्रिटिश प्रतिनिधी) तसाच ठेवावा. ते बंदर १९३२ पर्यंत मुंबई इलाख्यात होते आणि त्याचे संरक्षण १९२८ मध्ये हवाई दलाकडे गेले.

क्रियापद निवडतानाही जपावे. ‘हवाई दलाने बॉम्बफेक ठरवली’ असे सरसकट लिहू नये. इराकमध्ये जिल्ह्यातून आलेली मागणी गृहखात्याच्या ब्रिटिश सल्लागारामार्फत हाय कमिशनरकडे, म्हणजे तिथल्या सर्वोच्च ब्रिटिश प्रतिनिधीकडे, जाई. त्याची संमती मिळाली की हवाई दलाचा सेनानी विमाने धाडी. म्हणून ‘मागणी’, ‘संमती’, ‘हुकूम’ हे तीन शब्द वेगळे ठेवावेत, नाहीतर जबाबदारी कोणाची ते पुसले जाते. वैमानिकाला वरून घरे दिसतात, टोळी दिसत नाही. दोषी कोण आणि त्याचे गाव कोणते, हे जमिनीवरचा गुप्तवार्ता अधिकारी सांगे. त्याने नकाशावर चूक केली, तर शेजारच्या निरपराध गावावर बॉम्ब पडणार. ‘दंडात्मक कारवाई’ लिहिताना हे धूसर होते. माणसे मेली असतील तिथे ‘बॉम्बफेक’ असेच लिहावे.

सगळ्यात अवघड ‘इन्व्हर्टेड ब्लॉकेड’. हिंदुस्थानच्या वायव्य सरहद्दीवर ब्रिटिश आधी विमानातून पत्रके टाकून टोळीला मुदत देत. मुदत संपली की गावावर आणि शेतावर अधूनमधून बॉम्ब टाकत राहत, म्हणजे टोळी दंड भरेपर्यंत लोकांना परतता येऊ नये. १९२५ च्या मार्च-एप्रिलमध्ये विंग कमांडर पिंक यांनी दक्षिण वझिरिस्तानातल्या मेहसूद टोळ्यांवर हेच केले. वेढ्यात माणसे आत अडकतात, इथे ती बाहेर अडकतात: पेरणी राहते, गुरे डोंगरात उपाशी मरतात. ‘हवाई वेढा’ लिहिले तर अर्थ उलटा होतो. ‘उलटी नाकेबंदी’ बरे, पण नाके तरी कुठे आहे? मी ‘हवाई गावबंदी’ लिहीन आणि पहिल्या उल्लेखात ‘स्वतःच्याच गावात परतायची बंदी’ एवढे जोडीन.