दुसऱ्या डोसला उशीर मी केला होता

तुमची पोस्ट दोनदा वाचली. 29 आठवड्यांतच जन्मलेली मुलगी, 1150 ग्रॅम, सर्फॅक्टंट (कच्ची फुप्फुसं मिटू नयेत म्हणून नळीतून देतात ते औषध) दिल्यावर यंत्रातून द्यावा लागणारा ऑक्सिजन 60 वरून 30 टक्क्यांवर आला, आज परत 45. डॉक्टर दुसरा डोस म्हणताहेत आणि घरचे म्हणताहेत, "पहिला लागू पडला नाही, आता पैसे काढायला बसलेत." 2019 मध्ये आमच्या मुलाचं हेच झालं, अगदी या वाक्यासकट. मी डॉक्टर नाही, तुमचं बाळ पाहिलेलं नाही. शेवटचा शब्द तुमच्या एनआयसीयूचाच (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागाचा).

सर्फॅक्टंट कशासाठी ते तुम्हाला सांगितलं असेलच. मला जे कुणी सांगितलं नाही ते असं: या बाळांच्या वायुकोशांचं अस्तर कच्चं असतं. व्हेंटिलेटरच्या दाबाने ते आणखी दुखावतं आणि रक्तातलं पाणी, प्रथिनं आत पाझरू लागतात. हीच प्रथिनं वरून दिलेलं सर्फॅक्टंट निकामी करतात. ओल आलेल्या भिंतीला चुना मारावा आणि आठ दिवसांत पोपडे निघावेत, तसं. पहिला हात वाया गेला असं नाही. तेवढा वेळ दाब कमी ठेवता आला, अस्तराला जरा उसंत मिळाली. पण पाझर थांबला नसेल तर पुन्हा द्यावं लागतं.

आता माझी चूक. सही मागितली तेव्हा मी म्हणालो, "आधी कॅशलेसची मंजुरी येऊ दे." कुपी वॉर्डच्या फ्रिजमध्ये तयार होती! मी मात्र खाली विम्याच्या खिडकीवर. तिथले साहेब विचारतात, बाळाचं नाव काय? म्हटलं, अजून बारसं व्हायचंय, फाइलवर 'बेबी ऑफ' आहे. तर म्हणे नावाशिवाय फॉर्म पुढे जात नाही. मग जन्मदाखला आणा. मग कळलं, आमच्या पॉलिसीत बाळ 90 दिवसांनंतरच येतं. हे पहिल्या मिनिटाला सांगता आलं असतं की नाही? साडेपाच तास गेले. वर ऑक्सिजन 70 वर पोचला होता.

मुलगा पुढे बरेच आठवडे ऑक्सिजनवर राहिला. त्या उशिरामुळेच, असं डॉक्टर म्हणत नाहीत. इतक्या लवकर जन्मलेल्या बाळांचं तसंही होऊ शकतं म्हणतात. मला मात्र तो आकडा विसरता येत नाही.

म्हणून माझं मत (पटलं तर घ्या): पैशाचं काम भावाला किंवा मेव्हण्याला द्या, तुम्ही वर थांबा. शंका विचाराच, पण ती खर्चाची नको. ऑक्सिजन जास्त लागायची कारणं इतरही असतात: श्वासाची नळी सरकणं, छातीत हवा साठणं, हृदयाजवळची पीडीए नावाची रक्तवाहिनी उघडी राहणं. "एक्स-रे पाहिला का? हे सगळं तपासलं का?" एवढं विचारा. ते शांतपणे उत्तर देत असतील तर सही करा. आणि तुमचं सर्फॅक्टंट पोरॅक्टंट या प्रकारचं असेल तर पुढचा डोस पहिल्याच्या निम्मा असतो, किलोला 200 ऐवजी 100 मिलिग्रॅम. आमच्याकडे 3 मिलीऐवजी दीड मिलीची कुपी लागली होती.

ते डुकराच्या फुप्फुसापासून बनतं हे आजीला आत्ताच सांगायची गरज नाही. आम्ही सांगितलं आणि एक वेगळीच सभा भरली.

वहिनींना दूध काढत राहायला सांगा, थेंबभर आलं तरी. डोळ्यांची आरओपी तपासणी (लवकर जन्मलेल्या बाळांच्या डोळ्यांच्या पडद्याची) कधी, तेही डिस्चार्जची वाट न बघता विचारून ठेवा.

संध्याकाळी ऑक्सिजन किती आहे ते इथे लिहा. मी जागा आहे.