सुप्रीम कोर्टात कधीच न बसलेल्या लर्नेड हँड यांना अमेरिकेत एवढं का मानतात?

त्यांच्या निकालांमुळे. जन्म 1872, ऑल्बनी. 1909 मध्ये न्यूयॉर्कच्या जिल्हा न्यायालयात आणि 1924 मध्ये ‘सेकंड सर्किट’ या न्यूयॉर्क परिसराच्या केंद्रीय अपील न्यायालयात न्यायाधीश. 1917 मध्ये, ऐन युद्धात, ‘द मासेस’ या युद्धविरोधी मासिकाची टपालबंदी त्यांनी रोखली. वरच्या कोर्टाने तो निकाल फिरवला, पण मला त्यांचं हेच धाडस सगळ्यात मोठं वाटतं.

1947 चा निकाल तर आजही कायद्याचे विद्यार्थी शिकतात. न्यूयॉर्क बंदरात पिठाने भरलेली ‘ॲना सी’ ही बार्ज (सपाट तळाची मालवाहू होडी) सुटून बुडाली. तिचा राखणदार 21 तास जागेवर नव्हता. हँड म्हणाले, अपघाताची शक्यता गुणिले संभाव्य नुकसान, हे खबरदारीच्या खर्चापेक्षा जास्त भरलं, की खबरदारी न घेणं हा निष्काळजीपणा.