बंब येईपर्यंत

प्रिय भाऊ,

परवाच्या आगीनंतर गावाच्या ग्रुपवर तुझा फोटो फिरतोय. काखेत वासरू, भुवया करपलेल्या, मागे गोठा पेटलेला. खाली लोकांनी टाळ्यांचा नुसता पाऊस पाडलाय. मी काहीच टाकलं नाही हे तुझ्या लक्षात आलं असणार. तुझी आई म्हणालीसुद्धा, "आप्पांना आवडलं नाही वाटतं." तसं नाही. वासरू वाचलं, चांगलं झालं. पण तुझ्या अंगात नायलॉनचा टी-शर्ट होता, पायात स्लीपर होती, आणि तू आत गेलास हे बाहेर कुणालाच माहीत नव्हतं. मी टँकरमागे उभा राहून माणसं मोजत होतो. नऊ भरली. आपण दहा. दहावा कुठंय हे कळायला अर्धं मिनिट गेलं. ते अर्धं मिनिट अजून डोक्यातून जात नाही, म्हणून लिहायला बसलो.

आपलं गावचं आगीचं पथक का आहे ते आधी ऐक. अग्निशमन हा विषय घटनेच्या बाराव्या अनुसूचीत आहे, म्हणजे नगरपालिकांच्या यादीत. ग्रामपंचायतींसाठी अकराव्या अनुसूचीत २९ विषय दिलेत, त्यात आग विझवणं नाही. त्यामुळे बंब तालुक्याच्या गावाला आणि कडबा आपल्याकडे. रस्ता मोकळा असला तर बंबाला पाऊण तास लागतो. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकलेला असताना कडब्याच्या गंजीला दहा मिनिटं पुरतात. मधली पस्तीस मिनिटं आपली. तेवढंच आपलं काम आहे, त्याहून मोठं काही नाही.

त्या पस्तीस मिनिटांत आग विझवायची, असं तुला वाटतं. मलाही वाटायचं. खरं तर त्यातला निम्मा वेळ आगीकडे पाठ करून जातो. "आग लागनी रे भो!" अशी आरोळी आली की सगळं गाव आगीकडे पळतं. तू आधी फोन काढ. एकाने ११२ लावायचा, दुसऱ्याने नगरपालिकेच्या अग्निशमन केंद्राचा नंबर, जो आपण पंचायतीच्या भिंतीवर रंगवून घेतलाय. तिसऱ्याने बॅटरी घेऊन फाट्यावर उभं राहायचं. हसू नकोस. एकदा बंब वेळेवर आला आणि फाट्यावरून उलटा वळला, कारण रस्ता दाखवायला तिथे कुणीच नव्हतं. सगळे आग बघायला गेले होते. चौथ्याने बोळातल्या मोटारसायकली काढायला लावायच्या. शूटिंग करणाऱ्या पोरांना हेच काम सांग, तेवढ्यासाठी तरी मोबाइल खिशात जातो.

आणि पहिली बादली ओतायच्या आधी लाइट बंद. तीस वर्षं लाइनमन होतो, म्हणून या बाबतीत माझं कुणी ऐकलं नाही तर मला राग येतो. डीपीला, म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या पेटीला, हात लावायचा नाही, सबस्टेशनला फोन करून फीडर, म्हणजे गावाकडे येणारी लाइन, बंद करून घ्यायचा. तरी घरात इन्व्हर्टर असेल तर तो चालूच राहतो, तो वेगळा विचारायचा. शेतात सौर पंप असेल तर ऊन असेतोवर पॅनेलमध्ये करंट असतो. गावची लाइट बंद करून तिथे काही होत नाही. तिकडे पाण्याचा पाइप धरायचा नाही.

आता कापसाचं सांगतो. ही माझी चूक आहे, गावात सगळ्यांना माहीत आहे, पण तू तेव्हा शिकायला बाहेर होतास.

२०२२ मध्ये कापूस क्विंटलला दहा हजारांच्या वर गेला होता. पुढच्या हंगामात तो भाव परत येईल म्हणून लोकांनी माल विकलाच नाही. ओसरीत कापूस, मधल्या घरात कापूस, माणसं त्यावरच झोपायची आणि अंग खाजवत उठायची. त्यातल्याच एका घरात एक्स्टेंशन बोर्डाची ठिणगी पडली. घरधनीण दारात उभी राहून "मन्हा कापूस, मन्हा कापूस" करत होती. आम्ही पाच हजार लिटरचा टँकर रिकामा केला. वरचा थर काळा, ओला, गार झाला. धूर थांबला. रात्री अकराला मी म्हणालो, "झालं, घरी जा." मालकाने दोनदा विचारलं, "आप्पा, नक्की ना?" मी दोनदा हो म्हणालो.

पहाटे साडेचारला ढीग पुन्हा पेटला. या वेळी आतून. ज्वारीची पोती गेली, कपाट गेलं. घर धाब्याचं, वर फूटभर माती आणि खाली लाकडाच्या कड्या. कड्या जळाल्या तशी माती खाली आली. घरची माणसं शेजारी झोपायला गेली होती म्हणून वाचली. त्यात माझी काही हुशारी नव्हती.

कापसाचं असं असतं की तंतूंमध्ये हवा अडकलेली असते, त्यावर आग आत मुकाट्याने चरत राहते. वरचा थर भिजला की त्याचा नमदा होतो आणि पाणी त्यावरून ओघळून जातं, आत कोरडंच. म्हणून ढीग फोडावा लागतो. दाताळ्याने, फावड्याने ओढून काढायचा, अंगणात पातळ पसरायचा आणि मग भिजवायचा. पाण्यात धुण्याची पावडर टाकायची. फवारणीच्या औषधात आपण स्टिकर, म्हणजे चिकटवणारं द्रव, टाकतो, का? थेंब पानावरून घसरू नये म्हणून. तीच गोष्ट. ट्रॅक्टरवरचा फवारणीचा पंप याला चांगला, फक्त आधी टाकी धुवायची, नाहीतर विषाचे फवारे उडतील. मग पालथा हात ढिगाजवळ न्यायचा. ऊब लागली की तिथे पुन्हा दाताळं. एक माणूस दुसऱ्या दिवसापर्यंत बसवायचा. हे काम कंटाळवाणं आहे, त्याचा फोटो कुणी काढत नाही.

१४ एप्रिलला आपण शाळेत अग्निशमन दिनाचा कार्यक्रम करतो, तोही कापसाचाच दिवस आहे. १९४४ साली मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकीन' नावाचं जहाज लागलं होतं. त्यात कापसाच्या गाठी होत्या आणि स्फोटकंही. दुपारी गाठींतून धूर दिसला, जवानांनी पाण्याचा मारा केला, पण आग सापडेना. चारच्या सुमारास जहाज उडालं. अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. त्यांच्याकडे पंप होते, नळ्या होत्या, शिकलेले अधिकारी होते. मी मात्र एक टँकर ओतून "झालं" म्हणालो होतो.

धाब्याच्या घराचं अजून एक. पेटलेल्या धाब्यावर चढून वरून पाणी टाकायला जायचं नाही, कुणी कितीही ओरडलं तरी. सिमेंटच्या पत्र्याच्या शेडमध्ये पत्रे तापून फुटतात, तुकडे गोळीसारखे येतात, लांबूनच मारा करायचा. गोठ्यात जनावर बांधलेलं असेल तर सुटत नाही आणि सुटलं तरी भेदरून परत आत जातं, म्हणून गोठ्याच्या बाहेरच्या खांबाला एक विळा कायम टांगलेला हवा. परवा तू दावं हाताने सोडत बसलास. प्रत्येक गोठ्याला विळा, हे काम मी तुझ्यावर टाकतोय. आत जावंच लागलं तर सुती पूर्ण बाह्यांचा शर्ट, बूट, आणि जाताना एकाच्या खांद्यावर हात ठेवून सांगायचं, "मी आत चाललो."

विहिरीचं तर ठाऊकच आहे. गाळ काढायला एक उतरतो, पडतो. त्याला काढायला भाऊ उतरतो, तोही पडतो. मग तिसरा. खाली वायू साचलेला असतो, दिसत नाही. दुसऱ्या माणसाला अडवणं हे आपल्या पथकाचं सर्वांत अवघड काम आहे, कारण तो त्याचा भाऊ असतो आणि तुला शिव्या देत असतो. शिव्या खायच्या. कमरेला धरून ठेवायचं.

भाजलेल्याला नळाचं वाहतं पाणी, वीस मिनिटं. टूथपेस्ट नाही, शाई नाही. मग १०८. एवढं तुला येतं.

तालुक्याला 'आपदा मित्र'चं, म्हणजे आपत्तीत मदत करणाऱ्या स्वयंसेवकांचं सरकारी प्रशिक्षण लागलं तर तुझं नाव मी देणार आहे. बारा दिवसांचं असतं. केळी कापणीवर असली तरी जा, तुझ्या वडिलांशी मी बोलतो.

रविवारी सकाळी सातला पाण्याच्या टाकीजवळ ये. टँकरच्या व्हॉल्व्हचा पाना पोळ्यापासून सापडत नाही. माझा संशय तुझ्या काकांवर आहे, पण तू विचारलंस तर ते चिडणार नाहीत. आणि भुवयांना काही चोळू नकोस, येतील आपोआप.

तुझे,
आप्पा