टांगलेला मनी प्लांट कुंडीजवळ बोडका का होतो आणि त्याची काळजी कशी घ्यावी?

आपण विचारले आहे की, बैठकीच्या खोलीत छताच्या हुकाला टांगलेल्या मनी प्लांटच्या वेली खाली चांगल्या लांब गेल्या आहेत, पण कुंडीजवळची पाने गळून नुसत्या काड्या दिसत आहेत आणि नवी पाने लहान येत आहेत, तर कोणते खत घालावे. खताचा विचार नंतर करावा. आधी कुंडी कोठे टांगली आहे ते पाहावे, असे मी सुचवेन.

मनी प्लांट ही अळूच्या कुळातील, मूळची पॅसिफिक महासागरातल्या मोरेआ बेटावरची वेल आहे. रानात ती हवाई मुळांनी झाडाचे खोड धरून वर चढते आणि जसजशी चढते तसतशी तिची पाने मोठी होत जातात. आधाराविना खाली लोंबू दिली की पाने लहान राहतात. त्यामुळे टांगलेल्या वेलीची पाने थोडी लहान असणे हा रोग नव्हे, आणि मोठी पानेच हवी असतील तर तिला काथ्या गुंडाळलेली काठी देऊन वर चढवावे लागेल.

कुंडीजवळचा बोडकेपणा मात्र बहुतेक वेळा उजेडाच्या अभावाने येतो. छताला टांगलेली कुंडी खिडकीच्या वरच्या कडेपेक्षाही उंच राहते, त्यामुळे खाली लोंबणाऱ्या शेंड्यांना भरपूर उजेड मिळतो आणि कुंडीच्या तोंडाशी दिवसभर काळोखच असतो. साखळी लांब करून कुंडी खिडकीच्या उंचीला आणावी. पूर्वेकडील खिडकी उत्तम. पश्चिमेचे दुपारचे कडक ऊन पाने करपवते, आणि उजेड फार कमी पडला तर पानांवरचे पिवळे-पांढरे पट्टे फिके होऊन नवी पाने निव्वळ हिरवी येतात.

पान गळून गेलेल्या जागी पुन्हा पान येत नाही, परंतु त्या पेराजवळ सुप्त डोळा असतो आणि वेल छाटली की तो फुटतो. म्हणून लांब वेली निःसंकोच कापाव्यात. वेल नीट पाहिली तर प्रत्येक पानाच्या जोडापाशी एक तपकिरी टोक दिसते. तेच हवाई मूळ. त्याच्या किंचित खाली कापून, एक-दोन पाने असलेले तुकडे त्याच कुंडीत मोकळ्या जागी खोचावेत, म्हणजे कुंडीचे तोंड पुन्हा भरते. नुसते पान पाण्यात ठेवल्यास त्याला मुळे फुटतीलही, पण त्यातून वेल वाढणार नाही. (चोरून आणलेला मनी प्लांटच जगतो, असे म्हणतात, चोराने पेरासकट तोडलेला असला म्हणजे जगतो, एवढेच.) कापताना निघणाऱ्या रसाने अळूसारखी खाज सुटते, तेव्हा हात धुवावेत आणि घरात मांजर असेल तर तुकडे तिच्या तोंडी लागू देऊ नयेत.

पाण्याचे वेळापत्रक ठरवू नये. मातीत बोट घालून वरचा इंचभर थर कोरडा लागला तरच पाणी द्यावे. कुंडी उंच असेल तर ती खालून किंचित उचलून वजनाचा अंदाज घ्यावा. टांगत्या प्लास्टिकच्या कुंड्यांना खाली जी ताटली चिकटवलेली असते, तिच्यात साचलेले पाणी डोळ्यांना दिसत नाही आणि पावसाळ्यात मुळे कुजतात ती बहुधा त्यानेच. पाने पिवळी पडत असतील आणि माती ओली असेल, तर आणखी पाणी घालणे थांबवावे. खत म्हणाल तर उन्हाळ्यापासून पावसाळ्यापर्यंत महिन्यातून एकदा मूठभर गांडूळखत पुरेसे आहे.

काही तुकडे बाटलीत लावणार असाल, तर ते पाणी दर आठवड्याला बदलावे आणि बाटली आतून घासावी. डेंग्यू पसरवणारा एडिस डास साठलेल्या स्वच्छ पाण्यातही वाढतो आणि त्याची अंडी पाण्याच्या कडेला काचेवर चिकटतात, त्यामुळे नुसते पाणी ओतून देणे पुरत नाही.