हातात ताकद आलीये, मग शर्ट का घालता येत नाही?

प्रश्न: बाबांना काही महिन्यांपूर्वी स्ट्रोक आला, डावी बाजू गेली होती. फिजिओने हातापायात बरीच ताकद आलीये, बोलतातही नीट. पण सकाळी शर्ट हातात घेऊन नुसते बसून राहतात, नाहीतर उजवी बाही घालतात आणि डावी तशीच लोंबत. आई म्हणते मुद्दाम करतात. डॉक्टर ऑक्युपेशनल थेरपी, म्हणजे रोजची कामं पुन्हा जमवायला शिकवणारी थेरपी, लावा म्हणतायत, पण हात चालतोय तर ती कशाला? मोबाइलवर मेमरी गेम दिले तर नाही का चालणार?

उत्तर: ताई, पहिलं आईंना सांगा, मुद्दाम अजिबात करत नाहीयेत. शर्टाची पुढची बाजू कुठली, आधी काय मग काय, मधेच कुणी हाक मारली तर आपण कुठवर आलो होतो, हे सगळं मेंदू सांभाळतो आणि स्ट्रोकने बहुतेक तेच बिघडवलंय. डाव्या बाहीचं म्हणाल तर ते नेग्लेक्ट असू शकतं, म्हणजे उजव्या मेंदूला मार बसला की डोळे चांगले असूनही डावीकडे लक्षच जात नाही, काहींची दाढी करताना डावा गाल तसाच राहतो.

थेरपिस्ट बाबांना प्रत्यक्ष शर्ट घालायला लावून बघेल की गाडी नेमकी कुठे अडते. मग उपाय तिथलाच. डाव्या बाहीच्या कडेला भडक फीत, शर्ट रोज एकाच जागी आणि एकाच पद्धतीने ठेवलेला, बसून घालायचा, कमजोर हात आधी बाहीत (काढताना उलटं, चांगला हात आधी). सुरुवातीला सगळं तुम्ही करा आणि शेवटचं बटण फक्त त्यांना लावू द्या, ते जमलं की शेवटची दोन, असं मागून पुढे यायचं. चुकायला लागले की लगेच हळूच हात धरून वळवा, कारण चूक पुन्हा पुन्हा झाली की तीच डोक्यात बसते. आणि एका वेळी एकच सूचना, टीव्ही बंद, मग थांबा. खरंच थांबा, घरात तीन माणसं तीन सूचना देतात तिथे चांगला माणूससुद्धा गोंधळेल.

गेमचं सांगायचं तर गेम खेळून माणूस गेममध्ये तरबेज होतो, शर्टाला त्याचा उपयोग होईलच असं नाही. शर्ट शिकायचा तर शर्टच घ्यावा लागतो. थेरपीही जादू नाही हां. 2010 मध्ये कोक्रेनने (वैद्यकीय अभ्यास एकत्र करून तपासणारी संस्था) या थेरपीचा आढावा घेतला तेव्हा 33 जणांचा एकच अभ्यास हाती लागला होता, 2022 पर्यंत 24 झाले, त्यात लक्ष आणि स्मरणशक्ती थोडी सुधारलेली दिसली पण रोजच्या कामांत सरासरी फारसा फरक नाही. तरी मी लावाच म्हणेन, फक्त दहा कामं एकदम नको, बाबांना स्वतःला जी हवीत अशी दोन-तीन निवडा.

गॅस आणि गोळ्या मात्र थेरपिस्टने बघेपर्यंत त्यांच्यावर सोडू नका. आणि पहिल्या भेटीला जाताना शर्ट घालतानाचा व्हिडिओ, बाबांना विचारून, मोबाइलवर घेऊन जा, कारण तिथे दडपणात माणूस वेगळंच काहीतरी करतो.