माकडाची ‘जात’ की ‘प्रजाती’?

फोंड्याच्या एका बाईंनी विचारलंय की मुलाच्या प्रोजेक्टला ‘माकडाची एक प्रजाती आणि फुलपाखराची एक प्रजाती यांची तुलना’ असं नाव दिलंय, आणि घरातले आजोबा म्हणतात प्रजाती नाही, जात लिही, तर बरोबर कोण?

माझ्या मते आजोबा. शास्त्राच्या मराठीत स्पीसीज म्हणजे जाती, आणि त्याच्या वरची पायरी, म्हणजे जवळच्या जातींचा गट, जीनस म्हणजे प्रजाती. मराठी विश्वकोशातल्या नोंदी वाचा, ‘या प्रजातीत अमुक इतक्या जाती आहेत’ अशी वाक्यं मिळतील. पेपरांत स्पीसीजला सर्रास प्रजाती छापतात, त्यात हिंदीचा हात आहेच, पण जात म्हटलं की माणसांचीच जात आठवते म्हणून लोक तो शब्द टाळतात हेही खरं. शिवाय आपण ‘मानकुराद ही आंब्याची जात’ म्हणतो, तिथे जात म्हंजे वाण, स्पीसीज नव्हे, म्हणून प्रोजेक्टात जातीला दीर्घ ई लावूनच लिहा: एक जाती, दोन जाती, रूप तेच राहतं.

आता खरी मजा पुढे आहे. कुळागरात, म्हणजे नारळ-सुपारीच्या बागेत, नारळ पाडणारं आपलं माकड, कोकणीत खेतें, त्याचं शास्त्रीय नाव मकाका रेडिएटा. यात मकाका ही प्रजाती, तिच्यात वीसेक जाती, आणि डोक्यावर केसांची टोपी असलेली ही त्यातली एक. काळ्या तोंडाचा, लांब शेपटीचा वानर मकाकात बसतच नाही, त्याची प्रजाती वेगळी. म्हणजे माकड आणि वानर हे दोन शब्द वेगळे ठेवून आपल्या लोकांनी शास्त्राआधीच प्रजातीचा भेद ओळखलेला, मला हे फार आवडतं!

फुलपाखराचं तसं नाही. कोकणीत पिसोळें म्हणा की मराठीत फुलपाखरू, तो शब्द कितीतरी कुळं (प्रजातीच्याही वरची पायरी) आणि शेकडो प्रजाती एकदमच पोटात घेतो. त्याच कुळागरातल्या लिंबावर अंडी घालणारं निळं-काळं ब्ल्यू मॉर्मन, जे 2015 मध्ये महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू झालं, ते पॅपिलिओ पॉलिम्नेस्टर. एकट्या पॅपिलिओ प्रजातीतच दोनशेच्या आसपास जाती आहेत.

म्हणून बाई, मथळ्यात ‘टोपीवालं माकड आणि ब्ल्यू मॉर्मन फुलपाखरू : दोन जातींची तुलना’ असं लिहायला सांगा.